वाटून घेतलेले पूल

हिराओका-सान आमच्या ऑफिसात आले ते २००५च्या सप्टेंबरात. ऑफिस ऑकलंडमधल्या माउंट वेलिंग्टनला, शॉपिंग सेंटरच्या मागच्या रस्त्यावर, एका टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. एका जपानी कंपनीची ती इवलीशी शाखा. कंपनीचा मूळ धंदा तिकडे लोखंडी पूल बांधायचा. त्याला जोडधंदा म्हणून इथलं पाइनचं लाकूड घ्यायचं, ईस्ट टामाकीच्या गोदामात ठेवायचं आणि जहाजाने तिकडे धाडायचं. शाखाप्रमुख सेरा-सान, गोदाम बघणारे टोंगा बेटांवरचे एक गृहस्थ आणि मी, एवढीच माणसं. जपानीत नावापुढे 'सान' लावतात, आपण राव किंवा ताई लावतो तसं. मला ते 'उरुमिरा-सान' म्हणायचे, कारण त्यांच्या भाषेत ल नाही. मी उर्मिला.

जपानी मी पुण्यात शिकले. कॉलेज करून संध्याकाळचे क्लास, मग एकेक परीक्षा, मग पिंपरीच्या एका कारखान्यात सात वर्षं दुभाषाचं काम. लग्नानंतर गुरुदत्तच्या आयटीच्या नोकरीमुळे ऑकलंडला आलो तेव्हा वाटलं होतं, जपानी आता गेलीच. वर्षभराने ही जागा मिळाली आणि माझ्या जिवात जीव आला.

सेरा-साननी मला बोलावून सांगितलं की मुख्य कार्यालयातून एक सल्लागार येत आहेत. त्यांच्यासाठी जवळच एक युनिट, म्हणजे छोटा फ्लॅट, भाड्याने बघायचं, बँकेत खातं उघडून द्यायचं, बस समजावून द्यायची. मी विचारलं, त्यांच्याकडे काम कोणतं असेल? सेरा-सान एरवी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासून बोलणारा माणूस. तो खिडकीकडे बघत म्हणाला, काम काही नसेल.

हिराओका-सान अठ्ठावन्न वर्षांचे होते. बुटके, रुंद खांद्यांचे, केस मागे वळवलेले. रोज साडेआठला कोट-टाय घालून यायचे आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे. टोकियोहून विमानाने येणारा पेपर तीन दिवस शिळा असायचा, तो पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायचे. दुपारी एक सँडविच. साडेपाच वाजले की टेबल स्वतःच पुसायचे, आम्हा सगळ्यांना वाकून नमस्कार करायचे आणि चालत घरी जायचे. त्यांच्या टेबलावरचा फोन मी कधी वाजलेला ऐकला नाही.

पहिल्या पंधरवड्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली. हार्बर ब्रिज बघायचा होता. शनिवारी मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. त्या पुलाच्या दोन्ही बाजूंच्या जास्तीच्या लेन साठच्या दशकात जपानमधून तयार होऊन आल्या होत्या. इथले लोक त्यांना अजून 'निप्पॉन क्लिप-ऑन', म्हणजे जपानी जोडतुकडे, म्हणतात. हिराओका-सान पुलाखाली उभे राहून मान वर करून बघत राहिले. कुठे जोड आहे, तिथे भार कसा येतो, असं मला सांगायला लागले. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, पण मी मान हलवत होते. अर्धा तास तो माणूस न थांबता बोलला. परत येताना गाडीत मात्र गप्प झाला आणि त्यानंतर कितीतरी दिवस तसाच राहिला.

ते का आले आहेत हे मला कळलं ते इंटरनेटवर. त्या वर्षी जपानमध्ये पूल बांधणाऱ्या कंपन्यांवर धाडी पडत होत्या, माणसं पकडली जात होती. बातम्यांत एकच शब्द सारखा यायचा, दांगो. पुण्याच्या क्लासात आम्हाला दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे असं शिकवलं होतं. हा दांगो निराळा. शेवटचा ओ लांबवला की अर्थ होतो, एकत्र बसून ठरवणं. सरकारी कामाचं टेंडर निघालं की भरणाऱ्या कंपन्यांनी आधीच भेटायचं, काम कोणी घ्यायचं ते ठरवायचं आणि बाकीच्यांनी मुद्दाम चढे भाव भरायचे. आमच्या कंपनीचं नाव कुठे आलं नव्हतं. अजून नव्हतं आलं.

मी सेरा-सानना काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही.

ख्रिसमसला आमचं ऑफिस अडीच आठवडे बंद असायचं. आम्ही घरचे सगळे नॉर्थलँडला समुद्रावर गेलो. माझी मुलगी मैत्रेयी तेव्हा नऊ वर्षांची होती, दिवसभर टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्यात. आमच्याबरोबर माझे सासरेही होते. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती, म्हणून गुरुदत्तने बाबांना नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. त्या अडीच आठवड्यांत हिराओका-सान काय करत असतील असा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही, हे खरं सांगते.

जानेवारीत ऑफिस उघडलं त्या सकाळी ते माझ्या आधी येऊन बसले होते. मी सुप्रभात म्हटलं. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. खाकरले, पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "माफ करा. अकरा दिवस वापरला नव्हता."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं की ते आवाजाबद्दल बोलत आहेत. सुपरमार्केटमध्ये कार्ड पुढे केलं की झालं, तिथे बोलावं लागत नाही. शनिवारी शॉपिंग सेंटरमध्ये जाऊन ते बाकावर बसायचे, तिथेही कोणी बोलत नाही. बायको जपानमध्ये स्वतःच्या आईजवळ राहत होती. तिला फोन केला तर ती नीट उत्तरं द्यायची, पण दोन मिनिटांत दोघांकडचं बोलणं संपायचं. म्हणून त्यांनी फोन कमी केले होते.

त्या रविवारी मी त्यांना घरी जेवायला बोलावलं.

आमचं घर माउंट रॉस्किलला, भाड्याचं. सकाळी आठ वाजता आम्ही तिघं बाहेर पडलो की बाबा संध्याकाळपर्यंत एकटे. नीलकंठ हे त्यांचं नाव. सार्वजनिक बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं इंजिनिअर होते, कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. इथे ते बसस्टॉपपर्यंत जाऊन परत यायचे. मैत्रेयीशी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. बाबांना इंग्रजी चांगलं येत असूनही तिचं इंग्रजी कळायचं नाही. पण आमच्या घरामागे नव्या मोटरवेचं काम सुरू झालं होतं आणि बाबांचा सगळा वेळ कुंपणापाशी जायचा.

हिराओका-सान आले. दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला, एकाने जपानी, एकाने आपला. जेवण झाल्यावर बाबा त्यांना कुंपणापाशी घेऊन गेले. रविवार असल्याने काम बंद होतं. बाबांनी मातीच्या एका उताराकडे बोट दाखवलं आणि हाताने 'हे ढासळेल' अशी खूण केली. हिराओका-साननी मान हलवली, खिशातून पेन काढून कागदी रुमालाच्या घडीवर काहीतरी काढलं. बाबांनी पेन घेऊन त्यात दुरुस्ती केली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. दोघांना एकमेकांचा शब्दही कळत नव्हता आणि माझी कोणालाच गरज नव्हती.

मग तसे रविवार ठरूनच गेले. हिराओका-सान बसने यायचे, येताना डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, बाबांसाठी आल्याच्या बिस्किटांचा पुडा आणायचे. त्यांना वरण-भात आवडायचा, वर तूप नको असायचं.

मार्चच्या सुरुवातीला सेरा-साननी त्यांना आत बोलावलं. अर्ध्या तासाने ते बाहेर आले आणि पेपर उघडून बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी पान उलटलं नाही. त्या आठवड्याच्या रविवारी गुरुदत्त मैत्रेयीला घेऊन पोहण्याच्या स्पर्धेला गेला होता. घरात आम्ही तिघंच होतो. भात कालवता कालवता हिराओका-साननी हात थांबवला आणि मला विचारलं, मी जे सांगेन ते वडिलांनाही सांगाल का?

ते बोलत गेले आणि मी मराठीत सांगत गेले. तिशीत असताना कंपनीने त्यांना एका वेगळ्या विभागात घातलं. कार्डावर विक्री असं लिहिलेलं, पण विकायचं काही नव्हतं. दर महिन्याला एका खानावळीच्या माडीवर बारा-पंधरा कंपन्यांची त्यांच्यासारखी माणसं जमायची. पुढचा पूल कोणाचा, हे ठरायचं. ज्याचा तो 'चॅम्पियन'. त्याचा भाव सरकारच्या अंदाजापेक्षा जरासा कमी, इतरांचा जास्त. कागदावर काही लिहायचं नाही. कोणी कोणासाठी कधी माघार घेतली, कोणाची पाळी राहिली, हे डोक्यात ठेवायचं. हिराओका-सानची स्मरणशक्ती चांगली होती, म्हणून पुढे पुढे सगळे त्यांनाच विचारायचे. त्यांच्या खिशात एक पैसाही गेला नाही. लहान कंपन्यांनाही काम मिळायचं, कोणाचे कामगार घरी बसत नव्हते. आपण चांगलं काम करतो असं त्यांना वीस वर्षं वाटत होतं.

"तिथलीच माणसं माझी माणसं होती," ते म्हणाले. त्यांच्या मुलीच्या लग्नात ऑफिसकडून चाळीस पाहुणे आले, त्यातले तीस दुसऱ्या कंपन्यांचे. त्यातला एक मात्सुई. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले, दोघांची गावं शेजारी, दोघांच्या मुली एका महिन्याच्या अंतराने झालेल्या. तीस वर्षांत आठवड्यातून एकदा तरी ते भेटले होते. आता कंपनीने लेखी हुकूम काढला होता की दुसऱ्या कंपनीच्या कोणाशीही बोलायचं नाही, भेटायचं नाही, पत्रसुद्धा नाही.

पुढचं त्यांनी हळू सांगितलं. जानेवारीपासून तिकडे नवा कायदा आला होता. जी कंपनी आधी कबुली देईल तिचा दंड माफ, दुसरीला निम्मा. कबुली फॅक्सने पाठवायची, पहिला फॅक्स कोणाचा पोचला त्यावर सगळं अवलंबून. आमच्या कंपनीने पहिलं व्हायचं ठरवलं होतं. बुधवारी टोकियोहून वकील येणार होते, हिराओका-सानच्या तोंडून सगळं लिहून घ्यायला. कारण ते दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बाबा इतका वेळ ताटाकडे बघत होते. त्यांनी मला म्हटलं, "विचार त्यांना. कुठला पूल पडला का?"

मी विचारलं. हिराओका-सान म्हणाले, नाही, एकही नाही. पूल चांगले होते. लोकांना महाग पडले.

मग बाबा बोलायला लागले. मी तोंडाने जपानी बोलत होते आणि कानाने माझ्या सासऱ्यांना पहिल्यांदा ऐकत होते. ते उपअभियंता असताना कालव्यावरच्या एका पुलाची टेंडरं त्यांच्यासमोर उघडली. चार कंपन्यांची चार पाकिटं. चारही पत्रं टाइप केलेली आणि चारांतही इंग्रजी ई या अक्षराचं पोट शाईने भरलेलं. म्हणजे एकाच टाइपरायटरवर, एकाच टेबलाशी बसून कोणीतरी चौघांचे भाव भरले होते. बाबांनी पत्रं बाजूला ठेवली आणि साहेबांना दाखवली. साहेब म्हणाले, नियमाने तीन हवीत, चार आली, तुमची अडचण काय? बाबांनी सही केली. त्यानंतर मॅनेज झालेली टेंडरं त्यांना बघताक्षणी ओळखू यायची. ते कोणाला दाखवायला गेले नाहीत. घेतलं मात्र काही नाही.

"मी घरी येऊन हिच्या सासूला सांगायचो की आज एक पैसा घेतला नाही," बाबा म्हणाले. "तिला त्याचा अभिमान होता. सह्यांचं मी तिला सांगितलं नाही."

'मॅनेज' या शब्दाला जपानी शब्द शोधायची मला गरज पडली नाही. मी दांगोच म्हटलं. हिराओका-साननी बाबांपुढे मान खाली घातली.

थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे एक विनंती केली. मात्सुईला फोन करायचा होता. स्वतःच्या मोबाइलवरून नको, ते बिल कंपनीकडे जातं. मी बोलले तर बरं, परक्या बाईवर कोणाला संशय येणार नाही. एवढंच सांगायचं, की बुधवारनंतर हिराओका तोंड दाखवण्याच्या लायकीचा राहणार नाही.

मी नाही म्हटलं. ज्याच्याविरुद्ध कबुली जाणार त्याला आधी सांगणं बरोबर नव्हतं, हे मला कळत होतं. पण मी त्यासाठी नाही म्हटलं नाही. मी नोकरीला घाबरले. त्यांनी लगेच माफी मागितली, दोनदा.

बाबांनी काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. ते उठले, खोलीतून पुण्याला बोलायचं त्यांचं फोन कार्ड घेऊन आले आणि हिराओका-सानच्या ताटाशेजारी ठेवलं.

"त्यांना म्हणावं, आपल्या माणसाशी आपणच बोलावं," बाबा म्हणाले. "काय बोलायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं."

दुपारचे दोन वाजले होते, तिकडे सकाळचे दहा. हिराओका-सान हॉलमधल्या फोनपाशी ताठ उभे राहिले. नंबर पाठ होता. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. मात्सुईच्या बायकोने घेतला असावा, कारण त्यांनी आधी सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी केली. मग ते ऐकत राहिले.

"हो... हो... कधी?" मग त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "असं का. नाही, नाही, त्यांचं बरोबर आहे. त्यांना म्हणावं, तब्येत सांभाळा."

रिसीव्हर ठेवण्याआधी त्यांनी फोनसमोर वाकून नमस्कार केला. मग परत येऊन पाटावर बसावं तसे खुर्चीवर मांडी घालून बसले. असं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. उरलेला भात त्यांनी संपवला आणि मग सांगितलं. मात्सुईच्या कंपनीचा फॅक्स तीन आठवड्यांपूर्वीच गेला होता. मात्सुईने पाच दिवस बसून सगळं सांगितलं होतं, त्यात हिराओकांचं नाव पहिल्या पानावर होतं. तो घरीच होता, शेजारच्या खोलीत. पण त्याच्या वकिलाने त्याला बोलायची मनाई केली होती.

"वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"मला हायसं वाटलं," ते म्हणाले. "मग हायसं वाटल्याचीच लाज वाटली."

बुधवारी वकील आले. काचेच्या खोलीत दोन दिवस काम चाललं. मी चहा घेऊन गेले तेव्हा हिराओका-सान हात मांडीवर ठेवून एका लयीत सांगत होते, अमुक साल, अमुक नदी, कोण चॅम्पियन, कोणी माघार घेतली. वकील टेप बदलायला थांबायचे तेव्हा तेही थांबायचे आणि टेप सुरू झाली की अर्ध्या वाक्यापासून पुढे जायचे. आपला फॅक्स पहिला नसणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते वकिलांना सांगितलं नाही, आणि मीही नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. आमची कंपनी दुसरी ठरली, दंड निम्मा झाला. मे महिन्यात बाबा पुण्याला परत गेले. जाताना त्यांनी हिराओका-सानना उरलेली फोन कार्डं दिली, ती त्यांनी घेतली पण वापरली की नाही कोण जाणे. जूनमध्ये कंपनीने त्यांचा राजीनामा मागून घेतला. नोकरी गेली की व्हिसाही गेला. त्यांना इथे राहायचं होतं की नाही हे त्यांना कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते हे मला आजही सांगता येत नाही.

विमानतळावर सोडायला मी एकटीच होते. सेरा-साननी ऑफिसातच निरोप घेतला होता. चेक-इन झाल्यावर तासभर होता. मी निघू का असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, काम नसेल तर थोडं थांबा. आम्ही कॉफी घेऊन बसलो. त्यांनी माझ्या जपानीतल्या तीन चुका सांगितल्या, ज्या मी दहा महिने करत होते आणि त्यांनी भिडेखातर सुधारल्या नव्हत्या. टोकियोच्या नरिता विमानतळावर घ्यायला कोणी येणार का, असं मी विचारलं. ते म्हणाले, बायको मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेली आहे, आणि तसंही त्यांना ट्रेन बरी पडते.

२००८च्या अखेरीस आमची शाखा बंद झाली. लाकडाचा धंदा बसला होता. आवरताना कंपनीच्या जुन्या यादीत मला त्यांच्या घरचा फोन मिळाला आणि घरी येऊन मी तो लावला. त्यांनीच घेतला. माझं नाव त्यांनी बरोबर उच्चारलं, ल सकट. मग कळलं की त्यांनी ते बाबांकडून घोटून घेतलं होतं.

आता ते स्टेशनजवळच्या सायकल स्टँडवर आठवड्यातून तीन दिवस काम करत होते, सायकली सरळ रांगेत लावायचं. बायको परत आली होती. दोघांचं बरं चाललं होतं, ते म्हणाले. मी मात्सुईंबद्दल विचारलं. मनाई उठून वर्ष झालं होतं. ट्रेनने चाळीस मिनिटांचं अंतर.

"मग भेटलात?"

"एकदा त्यांच्या स्टेशनपर्यंत गेलो होतो," ते म्हणाले. "फलाटावर बसलो आणि परत आलो. भेटून बोलायचं काय? तीस वर्षं आम्ही एकच गोष्ट बोलत होतो, पुढची पाळी कोणाची. दुसरं काही बोलायची सवय आम्हाला नव्हती."

त्यांनी बाबांची तब्येत विचारली, मी सांगितली. मी तिकडची थंडी विचारली, त्यांनी सांगितली. फोन ठेवायची दोघांनाही घाई नव्हती, पण बोलणंही राहिलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, कामाची वेळ झाली.

नंतर मला माउंट वेलिंग्टनलाच एका विमा कंपनीत नोकरी लागली. तिथे जपानी लागत नाही. वर्षभराने मी हिराओका-सानना पुन्हा फोन लावला, तेव्हा नंबर बंद झाला होता. गुरुदत्त म्हणाला, पत्र पाठव. पत्ता विचारून घ्यायचा माझ्याकडून राहून गेला होता.